‘सिनेमातली सेक्रेटरी बिनडोकच’? जरा थांबा

तो मेसेज पुन्हा फिरतोय: ‘पडद्यावरची सेक्रेटरी म्हणजे नखं रंगवणारी, बिनडोक, साहेबाच्या मागे लागलेली बाई. परवापरवापर्यंत तिला माणूस म्हणून कोणी दाखवलंच नाही. आणि त्या खुर्चीत पुरुष? कधीच नाही.’ अकरा वर्षं पीए म्हणून काढल्यामुळे मला हे पटायला हवं होतं. पटलं नाही.

बिनडोक? ‘पती पत्नी और वो’तलं (१९७८) साहेब-सेक्रेटरीचं लफडं सगळ्यांना आठवतं, मान्य. पण ‘पेरी मेसन’ मालिकेतली (१९५७ ते १९६६) सेक्रेटरी डेला स्ट्रीट वकिलाच्या बरोबरीने खटल्याचा विचार करते. ‘सायको’ सिनेमातल्या (१९६०) सेक्रेटरी मॅरियनच्या हाती तर साहेब ४० हजार डॉलर रोख देऊन तिला बँकेत पाठवतात. ती ते पळवते, हा भाग वेगळा. दहा वर्षांचा विश्वास नसता तर सिनेमाच सुरू झाला नसता!

‘परवापरवापर्यंत’ म्हणणाऱ्यांनी ‘नाइन टू फाइव्ह’ (१९८०) बघावा. त्याचं मूळ बॉस्टनमध्ये १९७३ साली ऑफिसातल्या बायकांनी काढलेल्या संघटनेत आहे. सिनेमातली नटी जेन फोंडा त्या संघटनेच्या संस्थापिकेला ओळखत होती. सिनेमाच्या तयारीत कारकून बायकांना विचारलं गेलं, साहेबाला मारून टाकावंसं कधी वाटलं का? उत्तरांचा पाऊस पडला आणि तो थेट पटकथेत उतरला. सिनेमात ऑफिसातल्या तिघी साहेबाला त्याच्याच घरात डांबतात आणि ऑफिस चालवतात: समान पगार, पाळणाघर, सोयीच्या वेळा. काम वाढतं. मग वरचे मोठे साहेब येतात आणि शाबासकी कोणाला देतात? डांबलेल्याला. हे सुचायला ऑफिसात दिवस काढलेल्यांचं ऐकावं लागतं.

पुरुषही आहेत. ‘द वेस्ट विंग’ मालिकेतला राष्ट्राध्यक्षांचा चार्ली, ‘वीप’ मालिकेतला उपराष्ट्राध्यक्ष बाईंची बॅग सांभाळणारा गॅरी. फक्त त्यांना कोणी सेक्रेटरी म्हणत नाही, ‘सहायक’ म्हणतात. काम तेच, पाटी वेगळी.

माझी तक्रार निराळी आहे. हुशार सेक्रेटरी दाखवली की पटकथा तिला त्या खुर्चीतून उठवायची घाई करते. ‘मॅड मेन’ मालिकेतली सेक्रेटरी पेगी जाहिराती लिहू लागते. ‘वर्किंग गर्ल’ सिनेमातली (१९८८) सेक्रेटरी टेस नव्या नोकरीत बाहेरच्या टेबलाशीच बसते, मग कळतं की आतली केबिन तिची आहे. बाहेरच्या टेबलाशी बसणारी आता तिची सेक्रेटरी. टेस तिच्याशी चांगली वागणार, हे कळतं. पण त्या दुसरीची गोष्ट? ती नाही. जणू डायरी सांभाळणं, माणसं परतवणं, ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ हे वाक्य सात वेगवेगळ्या अर्थांनी म्हणणं हे कसब नव्हेच.

‘द असिस्टंट’ (२०१९) हा सिनेमा मात्र आपल्या सहायिकेला त्या खुर्चीतून उठवत नाही. एकच दिवस: पहाटे ऑफिस उघडणं, झेरॉक्स, उष्टे कप, एचआरकडे केलेली आणि तिच्यावरच उलटलेली तक्रार. रात्री ती वडिलांना फोन करते आणि रस्त्याने निघून जाते. साहेबाचा चेहरा आपल्याला शेवटपर्यंत दिसत नाही.