नुकसान केवळ मालकाचे नसते

‘सरकारने इमारत संपादित केली, तर नुकसान मालकाचेच होते’ हे एका लेखातील विधान दक्षिण मुंबईतील उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) चाळींपुरते तरी अपुरे आहे. म्हाडा कायद्याच्या आठ-अ प्रकरणानुसार 70 टक्के भाडेकरूंच्या सहकारी संस्थेसाठी अशी इमारत संपादित करता येते आणि मालकाला मासिक भाड्याच्या 100 पट मोबदला मिळतो. भाडे नियंत्रण कायद्याने गोठलेल्या भाड्यामुळे ही रक्कम क्षुल्लक ठरते, म्हणून मालक न्यायालयात जातात (त्यात गैर काहीच नाही), पण वाद मिटेपर्यंत दुरुस्ती रेंगाळते.

आमची गिरगावातील चाळ अशीच धोकादायक ठरली, बिऱ्हाडे दूरच्या उपनगरांत पांगली आणि त्यांच्या भरवशावर दुकान चालवणाऱ्या कोपऱ्यावरच्या वाण्याला, तो त्या इमारतीत राहत नसल्याने, कोणीही नुकसानग्रस्त मानले नाही.