नेतृत्व परिषदेला जाऊन आले, खुर्ची सोडण्याबद्दल कुणी बोललं नाही

शुक्रवार-शनिवार नगरला एका मंडळीने (म्हणजे चर्चने) ख्रिस्ती नेतृत्व परिषद भरवली होती. आमच्या मंडळीतून आम्ही काही जण गेलो होतो. फोटो टाकल्यापासून "कशी झाली?" म्हणून विचारणा चालू आहे. प्रत्येकाला "छान झाली, प्रभूची स्तुती असो" एवढंच लिहून मोकळं व्हायला मला जमेना, म्हणून जरा सविस्तर लिहिते. लांबणार आहे, आधीच सांगते.

आधी ज्याचं श्रेय त्याला. यजमान मंडळीची माणसं मनापासून राबली. नेवासे, पाथर्डी, राहुरी अशा बाजूंनी आलेल्यांची झोपायची सोय शाळेच्या वर्गांत होती, पण गाद्या स्वच्छ, पहाटे गरम पाणी, आणि म्हाताऱ्या माणसांना खालच्याच मजल्यावर जागा. खेड्यातल्या काही पाळकांकडून नोंदणीचे पैसे घेतले नाहीत, आणि त्याची माइकवरून जाहिरातही केली नाही. सकाळची उपासना पेटी-तबल्यावर झाली. 'उपासना संगीत' या भजनसंग्रहातली रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं पोरं-म्हातारे सगळे पाठ म्हणत होते. कीबोर्ड आणि ड्रमच्या जमान्यात एवढ्यासाठीही मी पुन्हा जाईन.

तेव्हा तक्रार यजमानांबद्दल नाही, या परिषदांचा जो साचा पडून गेलाय त्याबद्दल आहे. आपल्या मंडळ्यांत पुढारी कमी आहेत असं गृहीत धरून सगळी सत्रं आखलेली असतात. पुढे कसं यावं, लोकांना बरोबर कसं घ्यावं, दृष्टान्त (म्हणजे व्हिजन) कसा मांडावा. माझ्या बघण्यात तरी पुढे यायला आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. वर्षानुवर्षं पुढे असलेल्यांना बाजूला व्हायला शिकवावं लागतं, आणि त्याचं एकही सत्र नव्हतं.

उद्घाटनाचं तर विचारू नका. मंचावर खुर्च्या मांडल्या होत्या, त्या पुरेनात म्हणून आणखी आणल्या. मग सत्कार. शाल, बुके, शाल, बुके. (श्रीफळ ख्रिस्ती कार्यक्रमात चालत नाही, शाल मात्र चालते. हा निर्णय कुठल्या सभेत झाला, कुणास ठाऊक.) शेवटच्या पाहुण्याला शाल घालेपर्यंत पहिलं सत्र अर्ध्यावर आलं होतं. बाहेरच्या फ्लेक्सवर पाहुण्यांचे हात जोडलेले फोटो, आणि तळाशी बारीक अक्षरांत मार्क १०:४५. सेवा करून घ्यायला नव्हे तर सेवा करायला आलो, ते वचन. माझ्या शेजारच्या ताईंनी चष्मा पुसून ते वाचलं आणि माझ्याकडे बघून नुसत्या हसल्या.

आता मुख्य सत्र. विषय नहेम्या, जुन्या करारातला, पारसाच्या (इराणच्या) राजाने यरुशलेमला पाठवलेला सुभेदार. नेतृत्व परिषद आणि नहेम्या यांचं लग्नच लागलेलं आहे, जिथे जावं तिथे हाच. वक्ते मोठ्या कंपन्यांत प्रशिक्षण देणारे, बोलण्यात तरबेज. बावन्न दिवसांत यरुशलेमचा तट उभा केला, म्हणजे नियोजन, देखरेख, प्रेरणा, विरोधकांना तोंड देणं. पडद्यावर बाण आणि चौकोन. लोक भराभर लिहून घेत होते. मीही घेतलं, वाईट काहीच नव्हतं. पण नहेम्याचं पुस्तक मला फार आवडतं. मी बँकेत नोकरी करते, आणि पवित्र शास्त्रात माझ्या खात्याचा माणूस कुणी असेल तर तो हा. वक्ते दुसऱ्या अध्यायावरून चौथ्यावर गेले तेव्हा मी तिसरा उघडून बसले.

तिसऱ्या अध्यायात नुसती नावं आहेत, म्हणून तो कुणी वाचत नाही. पण ती हजेरी आहे, कुणी तटाचा कुठला तुकडा बांधला त्याची. सोनार आहेत, गांधी (अत्तरवाले) आहेत, याजक आहेत. एका भागाचा अधिकारी मल्कीया उकिरड्याच्या वेशीची डागडुजी करतो. अधिकारी, आणि उकिरड्याची वेस! शल्लूम नावाच्या अधिकाऱ्याबरोबर त्याच्या मुली काम करतात, आणि त्यांची नोंद आहे. तकोवाच्या सरदारांनी मान वाकवली नाही, तीही नोंद आहे, तिथेच, सगळ्यांदेखत. आणि त्याच तकोवाची साधी माणसं पुढे सत्ताविसाव्या ओवीत पुन्हा येतात, आणखी एक तुकडा बांधायला. स्वतःच्या पुढाऱ्यांनी अंग चोरलं तर त्यांनी दुप्पट काम केलं. आपल्या कितीतरी मंडळ्या आज अशाच चालल्या आहेत की नाही, सांगा.

पाचवा अध्याय तर वक्त्यांनी गाळलाच. तिथे लोक रडत येतात की धान्यासाठी शेतं, मळे, घरं गहाण पडली, राजाचा कर भरायला कर्ज काढलं, पोरी दासी झाल्या. आणि सावकार कोण? आपलेच भाऊबंद, आपलेच सरदार. नहेम्या त्यांना सभेत उभं करतो आणि शेतं परत करायला लावतो, वर जो शेकडा एक घेत होते तोही. (दरमहा शेकडा एक धरला तर साल बारा टक्के. आमच्याकडे आज याहून महाग पर्सनल लोन घेऊन लोक पेढे वाटतात.) त्याच अध्यायात तो सांगतो की बारा वर्षं सुभेदार असताना त्याने सुभेदारीचा शिधा घेतला नाही, उलट दीडशे माणसं त्याच्या पंक्तीला असत. याचा बाण-चौकोन कुणी केला नाही.

आणि तेरावा अध्याय. बारा वर्षांनी नहेम्या राजाकडे परत जातो. म्हणजे खुर्ची सोडतो! पण मागे काय होतं? तोबीया, ज्याने तट बांधताना टिंगल केली होती, त्याला मंदिराच्या आवारात खोली मिळते. जिथे दशांशाचं धान्य आणि भांडी ठेवायची तिथे याचं बिऱ्हाड. आणि खोली देणारा आतलाच, कोठारांवर नेमलेला याजक. नहेम्या परत येऊन त्याचं सामानसुमान बाहेर फेकतो, आणि मग जे करतो ते मला सगळ्या पुस्तकात सर्वांत महत्त्वाचं वाटतं. कोठारांवर तो चार माणसं नेमतो. एक याजक, एक लेखक, एक लेवी (मंदिराचा सेवक), आणि त्यांच्या हाताखाली चौथा. का, तर ते विश्वासू गणले जात होते. विश्वासू आहेत तरी एकाला नाही नेमलं. आमच्या बँकेत तिजोरीच्या किल्ल्या दोघांकडे असतात, दोघं हजर असल्याशिवाय ती उघडत नाही. यात कुणाचा अपमान होत नाही, उलट उद्या काही कमी निघालं तर दोघांचीही इज्जत वाचते.

आणि मंडळीत? बहुतेक ठिकाणी अर्पण एकच माणूस मोजतो, तोच वहीत लिहितो, तोच बँकेत भरतो, आणि विचारलं की "आमच्यावर विश्वास नाही का?" माणूस प्रामाणिक असतोही. पण वार्षिक सभेत ताळेबंदाचा कागद सगळ्यांच्या हातात पडतो का, कमिटीवर तीच आडनावं किती वर्षं आहेत, विश्वस्त बदलले तर ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट जातो का, हे प्रश्न कुणी विचारले की त्याला आत्मिक वाढ कमी आहे असं समजतात. मग जमिनीची प्रकरणं निघतात, कोर्टात तारखा पडत राहतात, दोन गट होतात आणि नाताळाच्या उपासनाही दोन होतात. हे कुठल्या एका मंडळीचं नाही, म्हणून कुणी अंगाला लावून घेऊ नये. आणि घेतलंच, तर ताळेबंद लावून टाका म्हणजे झालं.

हे आत्ताच बोलायला हवं, याला कारण आहे. परदेशी देणगीचे दिवस गेले. परदेशी देणगीच्या कायद्यातल्या (एफसीआरए) २०२०च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते, आणि ती घेणाऱ्या संस्थेला दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. कायदा बरा की वाईट, यावर स्वतंत्र भांडू. पण वरून झिरपत खाली येणारा पैसा आटला की मंडळी चालणार कुणाच्या अर्पणावर? पेन्शनरांच्या, नर्सबाईंच्या, मजुरी करणाऱ्यांच्या. त्यांना हिशेब मागायचा अधिकार आहे, आणि मागावा लागू नये हे कमिटीचं काम.

नेतृत्व शिकवणारा हा साचा कुठून आला, तेही थोडं सांगते. शिकागोजवळच्या विलो क्रीक या मोठ्या मंडळीने १९९५ साली नेतृत्वाची शिखर परिषद सुरू केली, ती पुढे पडद्यावरून जगभरच्या मंडळ्यांत दाखवली जाऊ लागली. २०१८च्या एप्रिलमध्ये तिथल्याच संस्थापक पाळकांना स्त्रियांशी गैरवर्तनाच्या आरोपांमुळे वेळेआधी पद सोडावं लागलं. आरोप त्यांनी नाकारले होते, आणि वडीलमंडळ (मंडळीचा कारभार बघणारी ज्येष्ठांची समिती) सुरुवातीला त्यांच्याच बाजूने उभं राहिलं. ऑगस्टमध्ये तक्रारदार बायकांची माफी मागत त्या सगळ्या वडिलांनी राजीनामे दिले. साऱ्या जगाला नेतृत्व शिकवणाऱ्या ठिकाणी एका माणसाला "थांबा" म्हणायला एवढा वेळ लागला. मला त्यांच्याकडे बोट दाखवायचं नाही. निदान त्यांनी राजीनामे तरी दिले. पण परिषदेत तिथल्या पद्धतीच्या तक्त्यांना जागा होती, हा धडा सांगायला नव्हती.

बायकांचं सत्र शनिवारी जेवणानंतर होतं. चिकन-भातानंतरची वेळ, त्यातही आधीचं सत्र लांबल्यामुळे अर्ध्यावर कापलेलं. ज्या महिला मंडळाने सकाळी चहा, दुपारी जेवण, संध्याकाळी पुन्हा चहा बघितला, त्यातल्या निम्म्या बायका त्या वेळी भांड्यांत होत्या. एका तरुण मुलीने मात्र फार नीट मांडणी केली. रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय घेतला, त्यातल्या सेवा करणाऱ्या बायकांचं, फिबी, प्रिस्का, एकेक नाव वाचलं. टाळ्या मिळाल्या. नंतर आभारप्रदर्शनात तिचं नाव राहून गेलं.

आणि हे नगरला! या शहरात अमेरिकन मिशनरी सिंथिया फॅरार १८३९ साली आल्या आणि मुलींच्या शाळा चालवता चालवता १८६२ मध्ये इथेच वारल्या. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं ते फॅरारबाईंकडे, असं चरित्रकार सांगतात. १८४२ साली ज्ञानोदय हे ख्रिस्ती नियतकालिक सुरू झालं तेही इथूनच. नगरहून केडगावची मुक्ती, पंडिता रमाबाईंची संस्था, काही लांब नाही (दौंडजवळचं केडगाव, आपलं नगरचं नव्हे). पंडिता रमाबाईंनी दुष्काळातल्या मुली आणून त्यांना कामं शिकवली, छापखानासुद्धा मुलींनी चालवला, आणि मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबलचं भाषांतर केलं. आपल्यामागे काम बघेल म्हणून लेकीला, मनोरमाबाईंना, तयार केलं. त्या १९२१ मध्ये गेल्या. पुढच्या वर्षी रमाबाई. तरी मुक्ती आजही चालू आहे. नेतृत्व पुढच्या पिढीकडे कसं द्यावं यावर वक्ता बोलवायचा तर केडगावहून बोलवता आला असता, प्रवासखर्चही कमी आला असता.

टिळकांचंही तेच. भजनं म्हटली, माणूस विसरलो. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्याला 'देवाचा दरबार' काढला, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या दोन्ही ख्रिस्तभक्तांसाठी. पगार, घर, मान सगळं सोडून. वय पंचावन्नच्या पुढे, आणि त्यानंतर दोनेक वर्षांतच गेले. तो प्रयोग फसला असं कुणी म्हणू शकेल, त्यावर वाद घाला. पण आपल्याच माणसाने आपल्याच मातीत काय केलं यावर वाद घालणं मला त्या बाण-चौकोनांपेक्षा जास्त पौष्टिक वाटतं. आणि बायकांना याजकीय सेवा देण्यावर अजूनही कुजबूज करणाऱ्या बंधूंसाठी एवढंच, की चर्च ऑफ साउथ इंडियाने २०१३ मध्ये आंध्रातल्या नंद्याळला एक बाई बिशप म्हणून नेमली. आभाळ कोसळलं नाही.

परिषदेत सर्वांत चांगलं काय होतं, तर एका खेड्यातल्या वयस्कर पाळकांचं दहा मिनिटांचं बोलणं. इथ्रो मोशेला म्हणतो की तू असं करशील तर झिजून जाशील, लोकही झिजतील, तेव्हा हजार, शंभर, पन्नास, दहा माणसांवर नायक नेम. त्यावर ते म्हणाले, मोशेला हे सांगायला सासरा लागला, मंडळीत आम्हाला सासरा मिळत नाही. सगळे हसले. ते मात्र हसले नाहीत. पुढे त्यांनी सांगितलं की निवृत्तीच्या आधीच त्यांनी आपल्या गावची उपासना तरुणांकडे सोपवली, आणि पहिले काही महिने मागच्या बाकावर गप्प बसणं त्यांना प्रवचनापेक्षा अवघड गेलं. तेवढ्यात सूत्रसंचालकांनी घंटी वाजवली, वेळ संपली म्हणून.

प्रश्नोत्तरांत मी चिठ्ठी दिली होती: कमिटीवर एका माणसाने सलग किती वर्षं असावं? ती वाचली गेली आणि "हा ज्याच्या त्याच्या मंडळीचा अंतर्गत विषय" म्हणून खाली ठेवली गेली. ठीक आहे. अंतर्गत तर अंतर्गत. आमच्या मंडळीच्या येत्या वार्षिक सभेत मी दोन ठराव मांडणार आहे. एक, कमिटीवर सलग दोन मुदतींपेक्षा जास्त कुणी राहू नये, मग एक मुदत विश्रांती. दोन, दर रविवारचं अर्पण दोघांनी मिळून मोजावं, ती दोघं आळीपाळीने बदलावीत, आणि आकडा त्याच दिवशी फळ्यावर लागावा. पाळकसाहेबांना कालच फोन करून सांगितलंय, मागाहून कानावर जायला नको म्हणून. ते म्हणाले, "ताई, मांडा. पण अनुमोदक घेऊन या."

तर अनुमोदक हवा आहे. आमच्याच मंडळीतला, सभेत उभं राहून नाव सांगायला तयार असलेला. इनबॉक्समध्ये येऊन "ताई अगदी मनातलं बोललात" म्हणणारे कालपासून भरपूर झालेत.