‘आळस’ या शब्दाविषयी

महोदय,

रक्तद्रवातील वेदनाशामकांच्या मापनावरील माझ्या लेखाखाली आपण लिहिले आहे : ‘अ‍ॅसिटोनायट्राइल ओतून प्रथिने साकळवणे म्हणजे नमुना तयार करणे नव्हे, तो आळस आहे. फॉस्फोलिपिड तसेच राहतात, रिकव्हरीचे आकडे नाहीत, सेंट्रिफ्यूजचा वेग आरपीएममध्ये आहे.’

शेवटचा मुद्दा मान्य. नळ्यांवर पडणारे बल रोटरच्या (फिरत्या चक्राच्या) त्रिज्येवरही अवलंबून असते, त्यामुळे ती न सांगता नुसते १०,००० आरपीएम (मिनिटाला फेरे) लिहिणे अपुरे होते. दुरुस्ती केली आहे.

‘आळस’ हा शब्द मात्र मला मान्य नाही. सातपूरच्या एका प्रयोगशाळेत मी १४ वर्षे हेच काम केले आहे. १०० मायक्रोलिटर रक्तद्रवात ३०० मायक्रोलिटर गार अ‍ॅसिटोनायट्राइल पडले की नळीत दूध नासल्यासारखा पांढरा साका धरतो. सेंट्रिफ्यूजनंतर तो तळाशी घट्ट बसला, की पिपेटचे टोक त्याला लागू न देता वरचे नितळ द्रावण उचलायचे असते. सुरुवातीच्या दिवसांत मी अ‍ॅसिटोनायट्राइल कमी घातले, उरलेली प्रथिने नमुन्यातले घटक वेगळे करणाऱ्या कॉलमात साकळली, दाब चढत गेला आणि रात्रभराचे नमुने वाया गेले. तेव्हापासून हे प्रमाण मी डोळे मिटून कधीच घेतलेले नाही. शिवाय डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचा ९९ टक्क्यांहून अधिक भाग अल्ब्युमिन या रक्तद्रवातील प्रथिनाला चिकटलेला असतो आणि प्रथिनांची घडण मोडल्यावर तो सुटतो, म्हणजे ज्या पायरीला आपण आळस म्हणता तीच औषध मोकळे करते. साकळवण्याऐवजी एसपीई (घन शोषकातून नमुना शुद्ध करण्याची पद्धत) वापरायची, तर नमुन्यागणिक एक कार्ट्रिज नाशिकच्या एम. फार्म.च्या विद्यार्थ्याने स्वतःच्या खिशातून आणावी काय, याचाही विचार आपण केलेला दिसत नाही.

फॉस्फोलिपिड (रक्तद्रवातले स्निग्ध रेणू) आयनीकरण दडपतात ते रेणूंना विद्युतभार देऊन मोजणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये. मिलिलिटरमागे काही मायक्रोग्रॅम असलेले पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन अतिनील प्रकाश किती शोषला गेला हे पाहणाऱ्या यूव्ही डिटेक्टरवर मोजण्याविषयी मी लिहिले होते, आणि हे पहिल्याच परिच्छेदात आहे. तो परिच्छेद आपण वाचलेला नाही, असे मला नाइलाजाने म्हणावे लागते.

रिकव्हरी, म्हणजे नमुन्यातले किती टक्के औषध शेवटी हाती लागते, हा त्या लेखाचा विषय नव्हता. एकाच नमुन्यावर आपण साकळवणे आणि एसपीई या दोन्ही पद्धती चालवून पाहिल्या असतील, तर त्यांचे क्रोमॅटोग्राम (मापनाचे आलेख) पाठवावेत. मी ते लेखाखाली जसेच्या तसे लावीन.