हवेचं भाडं

घरून चटणी विकणाऱ्याला लोक हमखास विचारतात, "ऑनलाइन दुकान टाकायला किती खर्च येतो हो?" उत्तर सोपं आहे. दुकान फुकट पडतं, खोकं महाग पडतं.

सोलापुरी शेंगदाणा चटणीचंच घ्या. पाव किलोची तीन पाकिटं, म्हणजे पाऊण किलो माल. घरात माळ्यावर सापडणारं खोकं असतं 30 बाय 20 बाय 15 सेंटिमीटरचं. कुरिअरवाला नुसत्या काट्यावर समाधान मानत नाही. तो लांबी, रुंदी, उंचीचा गुणाकार करतो आणि 5000 ने भागतो. 9000 भागिले 5000, झाले 1.8 किलो. मग अर्ध्या किलोच्या टप्प्यात वर ढकलून बिल 2 किलोचं. पाऊण किलो चटणी, बाकी पुठ्ठा आणि हवा. हवा अस्सल सोलापूरची असली तरी पुण्यात तिला गिऱ्हाईक नाही.

काट्यावरचं वजन आणि हे हवेचं वजन, यात जे जास्त ते बिलात येतं. काही कंपन्या 5000 ऐवजी 4000 ने भागतात. दर ठरवताना हा भाजक आधी विचारावा, माहितीपत्रकातले हसरे चेहरे सगळ्यांचे सारखेच असतात. तीच तीन पाकिटं 20 बाय 15 बाय 10 च्या खोक्यात बसवली तर हवेचं वजन 600 ग्रॅम, काट्यावर खोक्यासकट 850 च्या आसपास, आणि बिल 1 किलोचं. म्हणून पहिली खरेदी अ‍ॅपची नव्हे. स्वयंपाकघरातला 10 किलोचा डिजिटल काटा आणि शिंप्याकडची टेप आधी आणावी.

खरी गंमत खोक्याचं पोट सुटल्यावर. 20 बाय 20 बाय 12 चं खोकं 0.96 किलोत बसतं, 1 किलोच्या आत. पण माल हलू नये म्हणून आपण प्रेमाने दोन पेपर जास्त कोंबतो, झाकण फुगतं आणि उंची 13 होते. 5200 भागिले 5000, 1.04. बिल दीड किलोचं. दोन जुन्या वर्तमानपत्रांची रद्दीत किंमत किती, आणि कुरिअरमध्ये किती! कुरिअरच्या गोदामातलं यंत्र फुगवटासुद्धा मोजतं, त्याला भीड नाही. म्हणून बांधून झालेल्या खोक्याला टेप लावून तिन्ही बाजूंचे फोटो काढायचे, चौथा काट्यावरचा. वजनाचा वाद घालायची मुदत मोजक्या दिवसांची असते आणि तिथे रडून चालत नाही, फोटो लागतात.

आता लेबल. कुरिअरचं लेबल येतं 4 बाय 6 इंचांचं, म्हणजे जवळजवळ 152 मिलिमीटर उंच. ए-फोर कागदाचे चार तुकडे केले तर एक तुकडा 148 उंच. या चार मिलिमीटरांत कित्येक बारकोडांचा शिरच्छेद झालेला आहे. छापताना 'अ‍ॅक्च्युअल साइज' सोडून 'फिट' निवडायचं, एवढाच उपाय. थर्मल प्रिंटर उष्णतेनं छापतो, त्याला शाई लागत नाही, हे त्याचं मोठेपण. पण त्याची छपाई उष्णतेनं काळवंडते आणि तेलानं फिकी पडते. आपण विकतो काय, तर तेल सुटणारी चटणी. दिवसाला पंधरा-वीस पार्सलं जात नसतील तर साध्या प्रिंटरवर चार लेबलांचा स्टिकर-कागद पुरतो. आणि बारकोडावरून चिकटपट्टी नको. ती चमकते, स्कॅनर बावरतो.

दुकानाचा गल्ला म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस. फुकट आहे, कॅटलॉगमध्ये 500 वस्तू मावतात. भाव, वजन, फोटो, सगळं तिथं लिहिलेलं असतं, आणि त्याच फोटोखाली प्रश्न येतो, "रेट?" यासाठी तयार उत्तरं साठवून ठेवता येतात. तिरकी रेघ टाइप केली की यादी उघडते. भावाचं उत्तर तयार ठेवावं. "ताई, थोडं कमी करा ना" याचंही ठेवावं. एकच निरोप अनेकांना धाडायच्या ब्रॉडकास्ट यादीत 256 जण बसतात, पण ज्यांनी आपला नंबर जतन केलाय त्यांनाच निरोप पोचतो. दिवाळीची जाहिरात अर्ध्या गावाला गेली असं वाटतं आणि ती मावशी, आत्या आणि गॅसवाल्यापर्यंतच पोचलेली असते. तेव्हा 'नंबर सेव्ह करा' ही चिठ्ठी प्रत्येक खोक्यात टाकावी. तिला वजन नाही.

पत्ता चॅटमध्ये घेऊ नये. 'मारुती मंदिरासमोर' एवढ्यावर लोक थांबतात, आणि मारुती मंदिर नाही असं गाव महाराष्ट्रात दाखवा. गूगल फॉर्म करावा, पिनकोडच्या रकान्याला 100000 ते 999999 मधलाच आकडा चालेल अशी अट घालावी. फोन नंबर दोन घ्यावेत.

पैसे यूपीआयवर. बँक खात्यातून थेट आले तर आपल्याला कमिशन पडत नाही. पेमेंट गेटवे, म्हणजे ऑनलाइन पैसे गोळा करून देणारा मध्यस्थ, साधारण 2 टक्के घेतो, वर त्या 2 टक्क्यांवर 18 टक्के जीएसटी. 400 रुपयांच्या ऑर्डरमागे 9 रुपये 44 पैसे. मात्र स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. त्यावरचा व्यवहाराचा 12 अंकी क्रमांक स्वतःच्या बँकेच्या नोंदीशी जुळवायचा आणि मगच चिकटपट्टी हातात घ्यायची. क्रमांक एक्सेलमध्ये टाकण्याआधी रकाना 'टेक्स्ट' करावा, नाहीतर 12 अंकांचं ते '4.12E+11' असलं काहीतरी करून ठेवतं. शेजारी काउंटइफचं, म्हणजे एक नोंद किती वेळा आली ते मोजणारं सूत्र लावलं की एकच क्रमांक दोनदा आला तर पकडला जातो. आणि दोनदा येतो.

घरपोच रोख द्यायची सोय लोकप्रिय आहे, कारण ती गिऱ्हाइकाला विसरायची मुभा देते. पार्सल दारातून परत आलं की जायचं भाडं आपलं, यायचंही आपलंच, आणि चटणीची ट्रिप झालेली. निदान कुरिअरचे पैसे तरी आगाऊ घ्यावेत. ज्याने 60 रुपये भरलेत तो दार उघडतो.

वेबसाइटची घाई नको. वेबसाइट बांधायचं वर्डप्रेस आणि तीत दुकान थाटायचं वूकॉमर्स फुकट आहेत, पण होस्टिंग (वेबसाइटची जागा) आणि डोमेन (तिचं नाव) फुकट नाही. होस्टिंगचा पहिल्या वर्षीचा भाव स्थळ बघायला आलेल्या मंडळींसारखा असतो, गोड. नूतनीकरणाचा भाव आधी वाचावा.

आणि नकाशा. राज्यातल्या राज्यात माल विकायला वर्षाला 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. 1 ऑक्टोबर 2023 पासून मोठ्या ऑनलाइन बाजारांतही राज्यापुरतं तसं विकता येतं. करपात्र माल राज्याबाहेर धाडायचा तर मात्र, काही हस्तकला सोडल्या तर, पहिल्या पाकिटापासून नोंदणी. म्हणजे सोलापूरची चटणी पार गडचिरोलीला बिनबोभाट जाते आणि जवळच्या विजापूरला जाताना परदेशी होते. अन्नपदार्थ असल्यामुळे एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, 14 अंकी क्रमांक पाकिटावर हवाच, तो गडचिरोलीलाही आणि विजापूरलाही.

एवढं सगळं मोजून, जुळवून, पोट आत घेतलेलं खोकं दाराशी ठेवलं की मोबाइल वाजतो. "ताई, मी तुमच्याच गल्लीत राहते. घरी येऊन नेलं तर कुरिअर किती पडेल?"

याचंही उत्तर तयार ठेवावं.