रेशनच्या रांगेचा फोटो

सकाळी शाळेच्या ग्रुपवर एकाने रेशन दुकानासमोरच्या रांगेचा फोटो टाकला. खाली लिहिलं, 'अंगं बघा यांची, आणि म्हणे गरीब!' त्यावर हसणाऱ्यांची रीघ लागली. दिवसभर माझं डोकं तापलंय.

आमच्याकडे धुण्याभांड्यांना येणाऱ्या मावशी वाळपईकडच्या. लहानपणी उकड्या तांदळाची पेज, नाचणीची भाकरी, परसातली भाजी आणि दिवसभर शेतात राबणं. आता फोंड्यात भाड्याची खोली. सकाळी चहा-बिस्किटं, चार घरची कामं, रात्री चुलीपाशी उभं राहायचं त्राण नाही म्हणून गाड्यावरची भजी आणि पाव. वजन वाढलं, साखर वाढली, आणि रक्त मात्र कमीच! डॉक्टर म्हणाले, 'जेवण कमी करा, फळं खा, रोज तासभर चाला.' कधी चालायचं त्यांनी? कुठल्या पैशाने फळं आणायची?

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्यातल्या 36 टक्के बायकांचं वजन जास्त निघालं, देशात 24 टक्के. त्याच पाहणीत गोव्यातल्या 39 टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी. मावशींच्या एकाच रिपोर्टात दोन्ही आहे. पोट भरतं, अंगाला काही लागत नाही. दरडोई उत्पन्नात आपण देशात पुढे म्हणून मिरवतो. त्या पैशाने तेल, साखर, मैदा दारात आला आणि बांगडा मावशींच्या हाताबाहेर गेला.

हो, देशभरात लठ्ठपणा अजून पैसेवाल्यांच्या घरीच जास्त आहे. मान्य. पण ब्राझीलमध्येही आधी तसंच होतं. उत्पन्न वाढत गेलं तसं ते ओझं गरीब बायकांच्या अंगावर सरकलं. मेक्सिकोला तर 2014 मध्ये गोड पेयांवर लिटरमागे एक पेसो कर बसवावा लागला.

मधुमेहावर संशोधन करणाऱ्या पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं काम वाचा. आपल्याकडची बाळं जन्मतः वजनाने कमी, पण त्या मानाने अंगात चरबी जास्त. पुढे मधुमेहाचा धोका त्यातूनही वाढतो. मावशींच्या आईने गरोदरपणी काय खाल्लं असेल, कुणी विचारलं?

राग थोडा उतरलाय. फोटो टाकणारा माणूस वाईट नाही, अडीअडचणीला धावून येणारा आहे. म्हणून त्यालाच सांगते: तुझ्या कारखान्याच्या कँटीनमध्ये वडा-समोशाच्या जोडीला त्याच दरात उसळ आणि नाचणीची भाकरी ठेव. बारा तास उभ्या राहणाऱ्या बायकांना बसून जेवायला अर्धा तास दे. तेवढं उद्यापासून तुझ्या हातात आहे.