ग्लायडर किनाऱ्याला लागल्यानंतर

'मत्स्य 6000' ही तिघांना 6000 मीटर खोल नेण्यासाठी बनणारी पाणबुडी गाजू लागल्यापासून भारतात स्वदेशी यंत्रांवर वाद रंगतो. पाण्याखालून माणसाविना फिरत सागरी प्रवाह मोजणारी यंत्रं, म्हणजे ग्लायडरही त्यात ओढले जातात: आयात करायचे की देशातच बनवायचे? कॅलिफोर्नियातून पाहताना मला हा प्रश्न अपुरा वाटतो.

ग्लायडरला प्रोपेलर नसतो. पंपाने तेल बाहेरच्या फुग्यात ढकललं की आकारमान वाढून तो वर येतो, आत ओढलं की बुडतो. बॅटरी पुढे-मागे सरकवून नाक खाली-वर करायचं. पंखांमुळे तो सेकंदाला साधारण 25 सेंटीमीटर पुढे जातो. हिशोबाने जिथे वर यायला हवा होता आणि जीपीएसप्रमाणे जिथे आला, त्यातल्या फरकावरून त्या बुडीतला सरासरी प्रवाह निघतो.

बंगालच्या उपसागरात खरी परीक्षा असते. नद्यांचं गोडं पाणी वर पसरतं. 60 लिटरचा ग्लायडर घनमीटरला 1025 किलो घनतेला जुळवला आणि वरचं पाणी 1018 निघालं, तर 420 ग्रॅम उचल कमी पडते. अर्ध्या लिटरच्या पंपाकडे मध्यापासून वर ढकलायला पाव लिटरच, म्हणजे साधारण 250 ग्रॅमची उचल असते. मग अँटेना पाण्याबाहेर येत नाही आणि संपर्क तुटतो. मधली घनता धरली तरी दोन्हीकडे जेमतेम 40 घन सेंटीमीटर उरतात. म्हणजे तिथे मोठा पंप हवा, आणि सोडण्याआधी त्याच भागातल्या ताज्या क्षारतेवरून वजन जुळवणारा माणूस हवा.

तो माणूस आपल्या वादात कुठेच नसतो. सांध्यातल्या रबरी कड्यावर (ओ-रिंग) एक केस राहिला तरी पाणी शिरू शकतं, म्हणून आतली हवा ओढून दाब टिकतो का ते तो तासन्‌तास बघतो. परत आलेल्या ग्लायडरला चिकटलेले बार्नॅकल, म्हणजे कवचवाले सागरी जीव खरवडणं, क्षारतामापक पुन्हा प्रमाणित करणं, तापमान झपाट्याने बदलतं तिथे क्षारतेच्या आलेखात आलेले खोटे सुळके ओळखणं, हेही त्याच्याच हातचं.

कॅलिफोर्निया किनाऱ्यालगत त्याच ठरलेल्या रेषांवर 2006-07 पासून जवळजवळ अखंड ग्लायडर फिरताहेत. एक फेरी सुमारे 100 दिवसांची, बुडी 500 मीटरची. एल निनोत पाणी नेमकं किती आणि किती खोलवर तापलं हे सांगता येतं, ते या सलगतेमुळेच. इथेही बरेच पगार अनुदानावर चालतात, हे लपवण्यात अर्थ नाही. पण अनुदान नव्याने मिळालं की तीच टोळी पुढे चालू राहते. भारतात 2016च्या पावसाळ्यात 'सिंधु साधना' जहाजावरून ब्रिटिश सहकाऱ्यांबरोबर ग्लायडर सोडले गेले; कौशल्याचा तुटवडा नाही. पण हे हात बहुधा प्रकल्पापुरत्या करारावर असतात. ग्लायडर कुणीही बनवो, त्याच्या किमतीबरोबरच वजन जुळवण्याची टाकी, सुट्या बॅटऱ्या आणि निदान चार कायम तंत्रज्ञ मंजूर व्हायला हवेत.