‘अँटीबायोटिक मोजणं म्हणजे फॉरेनचं फॅड’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

दूध-पोल्ट्रीवाल्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज लई फिरतोय, लातूर असो परभणी असो, तोच. म्हणे जनावरांची अँटीबायोटिक कमी करा हे फॉरेनचं फॅड आहे, आपल्याकडं ती मोजताच येत नाहीत, कमी केली तर जनावरं मरतील, जनावराचं औषध वेगळं माणसाचं वेगळं, आणि तसंही उकळलं-शिजवलं की सगळं संपतं. लोक डोळे झाकून पुढं ढकलतायत.

आता मोजता येत नाही म्हणजे काय? बाटलीवर लिहिलेलं असतंय की. १०% एन्रोफ्लोक्सासिन (कोंबड्यांना पाण्यातून देतात ते अँटीबायोटिक) म्हणजे एका मिलीत १०० मिलीग्रॅम. ५०० मिलीची बाटली पाण्यातून गेली म्हणजे ५०,००० मिलीग्रॅम गेलं, शेडात दोन-दोन किलोच्या १,००० कोंबड्या असतील तर वजन २,००० किलो, भागा, किलोमागं २५ मिलीग्रॅम. झालं मोजून. फॅट-एसएनएफवरून दुधाचा दर तोंडी काढणारा माणूस हे करू शकत नाही असं मला कुणी सांगू नये. युरोपातले देशही हेच करतात, फक्त देशभरची विक्री भागिले जनावरांचं वजन.

फक्त यात एक गोम आहे. ऑक्सिटेट्रासायक्लिन या दुसऱ्या अँटीबायोटिकचा डोस जास्त मिलीग्रॅमचा, एन्रोफ्लोक्सासिनचा कमी, त्यामुळं पहिलं सोडून दुसरं धरलं तरी आकडा खाली येतो, आणि प्रत्यक्षात आपण जास्त जपून वापरायचं औषध वापरायला लागलेलो असतो. म्हणून वहीत औषधाचं नाव, किती जनावरांना आणि किती दिवस दिलं तेही लिहायचं.

‘जनावरं मरतील’ यावर काय बोलायचं, आजारी जनावराला औषध देऊ नका असं कोण म्हणतंय? थांबवायचंय ते धडधाकट कोंबड्यांच्या पाण्यात रोज सोडणं. डेन्मार्कनं वाढीसाठीची अँटीबायोटिक २००० पर्यंत बंद केली, सुरुवातीला डुकरांच्या दूध तोडलेल्या पिल्लांत हगवण वाढली, उपचाराची औषधं वाढली, हे खरंय, पण त्यांचा डुकरांचा धंदा काही बुडाला नाही. नेदरलँड्सनं २००९ नंतरच्या दहा वर्षांत जनावरांच्या अँटीबायोटिकची विक्री जवळपास ७०% खाली आणली.

आपल्याकडं गाईम्हशींत जास्त औषध जातं ते कासदाहात, म्हणजे आपली दगडी. एक सड सुजलं की चारी सडात अँटीबायोटिकची ट्यूब. त्याऐवजी प्रत्येक सडाची थोडी धार वेगवेगळ्या वाटीत घ्या, तेवढंच सीएमटीचं (कासदाह तपासायचं) द्रावण टाकून गोल हलवा, जे चिकट होईल ते सड खराब. आणि धार काढून झाली की पुढ्यात चारा टाका, कारण सडाचं तोंड लगेच मिटत नाही, अर्धा तास गाय उभी राहिली तर शेणातले जंतू आत जायला कमी वाव. एनडीडीबी, म्हणजे राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ, कोरफड २५० ग्रॅम, हळद ५०, चुना १५ असा लेप सांगते, तोही करून बघा. पण गाय तापली, चारा सोडला तर लेप लावत बसू नका, डॉक्टर बोलवा.

औषधं वेगळी म्हणता? एन्रोफ्लोक्सासिनचं जनावराच्या अंगात सिप्रोफ्लोक्सासिन होतं, तीच सिप्रो जी आपण मेडिकलातून आणतो. गोठ्यातले जंतू तिला सरावले की माणसालाही ती लागू पडत नाही. कोलिस्टिन माणसाचं शेवटच्या टप्प्याचं औषध, म्हणून २०१९ ला सरकारनं ते कोंबड्या-जनावरांसाठी बंद केलं.

राहिलं उकळण्याचं. उकळल्यानं जंतू मरतात, औषधाचा अंश बऱ्याचदा तसाच राहतो. शिवाय औषधाला दाद न देणारे जंतू काय फक्त दुधातूनच येतात? शेण, हात, गोठ्याचं सांडपाणी, हे कोण उकळतंय?

दुधात अंश राहतो म्हणून तर औषधानंतर दूध विकायला थांबायचं. लेबलवर दिवस दिलेले नसतील तर दूध-अंड्याला किमान ७ आणि मांसाला २८ दिवस असा २०१२ पासून नियम आहे. आणि इथं मात्र शेतकऱ्याची खरी अडचण आहे, जी त्या मेसेजात एका ओळीतही नाही. सात दिवसांचं दूध ओतून द्यायचं तर ते पैसे कुणाचे जाणार? नियम पाळणाऱ्याचं आणि न पाळणाऱ्याचं दूध एकाच कॅनमध्ये, एकाच दरानं जातंय. तेव्हा ओरडायचंच असेल तर डेअरीच्या मीटिंगमध्ये जाऊन यावर ओरडा.